माळ्यावरची थंडी खालून येते: चोपडा तालुक्यातल्या एका राखणीच्या रात्रीचा अभ्यास

हिवाळ्यात शेताच्या राखणीला माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसणाऱ्याला थंडी वाजली की पांघरूण कमी पडलं, असं आपल्याकडं सगळेच धरून चालतात. म्हणून दरवर्षी माळ्यावर एक गोधडी वाढते. या प्रकरणात पांघरूण भरपूर होतं. दोन जाड ब्लँकेटं, एक घोंगडी, अंगात स्वेटर, वर जर्किन, डोक्याला माकडटोपी. तरीही माणूस पहाटे निसणीवरून (शिडीवरून) पडला, बोबडा बोलायला लागला आणि घरच्यांना दवाखाना गाठावा लागला. हे कसं झालं ते मी बारकाईनं पाहिलं, कारण सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, शहादा या पट्ट्यात अशा माळ्यांवर शेकडो माणसं बसतात, आणि त्यातली बरीच पन्नाशीच्या पुढची आहेत.

शेतकऱ्याचं नाव देत नाही. गावात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणतो. वय साठीच्या आसपास. शेत डोंगराकडून उतरणाऱ्या एका नाल्याला लागून. नाल्याच्या कडेला रब्बी मका, अलीकडं हरभरा, आणि बांधापलीकडं शेजाऱ्याची केळी. जानेवारीत मक्याचं कणीस दुधात आलं की रानडुकरं नाल्यानं उतरतात. एक कळप एका रात्रीत जेवढं खातो त्याच्या कितीतरी पट आडवं करून जातो. डुकराची नजर अधू, पण नाक आणि कान तिखट, म्हणून बुजगावण्याला ती दाद देत नाहीत. माणसाचा आवाज, डबा वाजवणं, बॅटरीचा झोत यानं हटतात. मारता येत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं परवानगीशिवाय शिकार हा गुन्हा आहे. कुंपणात थेट लाईनची वीज सोडणं तर गुन्हा आहेच, शिवाय त्यात डुकराआधी घरचं माणूस किंवा शेजाऱ्याचा बैल मरतो. म्हणजे उरली ती राखण, रात्रभर जागून.

माळा नेहमीसारखाच. बाभळीचे चार दांडे, त्यांवर दहा फुटांवर बांधलेली जुनी बाज, वर ज्वारीच्या कडब्याचं अर्धं छप्पर. छप्पर अर्धं, कारण उरलेल्या भागातून चौफेर दिसावं. चढायला बांबूची निसणी. बाज सुंभाची, विण सैल झालेली. तिच्यावर एक सतरंजी दुहेरी करून टाकलेली.

ती रात्र

त्या आठवड्यात उत्तरेकडून थंडीची लाट आली होती. अशा लाटेत धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला आकडा ५-६ अंशांवर उतरतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. डोंगरालगत आणि नाल्याच्या खोलगट जागी तो कुठं छापून येत नाही, पण थंडी तिथं तेवढीच असते.

शेतीची वीज त्या दिवशी रात्रपाळीची. आप्पांनी आधी हरभऱ्याला पाणी दिलं. सारे फोडत, दारं मोडत ते गुडघ्यापर्यंत ओले झाले. फावडं चालवताना अंगात स्वेटर तसाच, त्यामुळं आतलं बनियन घामानं भिजलं. अकराच्या सुमारास लाईट गेली. अंग तापलेलंच होतं, थंडी वाजत नव्हती, म्हणून ते थेट माळ्यावर चढले. पँट खालून ओली, पायात प्लास्टिकची चप्पल, तळव्यांना चिखल. वर बसून ब्लँकेटं ओढली.

पहिला तासभर बरा गेला. एकच्या पुढं पाय गार पडायला लागले, तेव्हा ब्लँकेट पायांवर आणखी गुंडाळलं. दोनला तंबाखू मळली. शेजारच्या मळ्यात राखणीला आलेल्या एकानं मोहाची थोडी दिली, ती घेतल्यावर ‘अंगात ऊब आली’ असं ते सांगतात. तीननंतर हुडहुडी भरली. ती इतकी की बाज करकरायला लागली. चारच्या पुढं हुडहुडी कमी झाली, आणि आप्पांना वाटलं आता बरं वाटतंय.

हीच गोष्ट सगळ्यांत घातक होती. थरथरणं म्हणजे स्नायूंनी उष्णता तयार करण्याचा प्रयत्न. अंग गरम न होता ते थांबलं, तर शरीर हार मानायला लागलं असा त्याचा अर्थ. पुढचं आप्पांना नीट आठवत नाही. लघवीला लागली म्हणून उतरायला गेले. निसणीची पायरी पायाला लागली की नाही तेच कळेना. ‘मना पाय शेतस का नहीत, तेच समजे ना,’ हे त्यांचे शब्द. हातांची मूठ बांबूवर आवळली गेली नाही. खालून चौथ्या पायरीवरून ते उजव्या हातावर पडले.

सहाला मुलगा आला तेव्हा आप्पा दांड्याला टेकून बसले होते. प्रश्नाला उत्तर देत होते, पण शब्द जड आणि अर्धवट. मुलाला पहिल्यांदा वाटलं, जास्त झालीय. गंधावरून असा निष्कर्ष काढून त्यांना तिथंच ऊन येईपर्यंत झोपू दिलं असतं तर प्रकरण वेगळ्या दिशेला गेलं असतं. त्यानं हात लावून पाहिला. हात गार असणं साहजिक होतं, पण बनियनच्या आत पोटही गार होतं. त्यावरून तो उमजला. पोट, काख, छाती गार लागणं ही मोठी खूण आहे.

त्यानं जे केलं ते जवळपास सगळं बरोबर केलं. शेजाऱ्याला हाक मारून दोघांनी उचलून मोटारीच्या खोलीत नेलं, चालवत नेलं नाही. ओले कपडे काढले, स्वतःचा कोरडा शर्ट आणि स्वेटर चढवला, घोंगडी खाली आणि ब्लँकेटं वर घेतली, स्वतः पाठीला पाठ लावून बसला. घमेल्यात निखारे आणले ते दाराबाहेर ठेवले आणि दार उघडं ठेवलं. बंद खोलीत निखाऱ्याचा वायू माणूस मारतो. त्याला वास नसतो आणि झोपेतच काम होतं. बधिर पाय त्यानं शेकले नाहीत, चोळले नाहीत. संवेदना नसलेल्या कातडीला भाजतंय हे कळत नाही, आणि साखरेचा आजार असेल तर ती जखम महिनोन्‌महिने पुरते. आप्पा नीट गिळू शकतायत हे बघून गोड चहा घोट घोट दिला.

घरी आल्यावर काखेत थर्मामीटर लावला तर पारा जागचा हलला नाही. घरच्यांना वाटलं थर्मामीटर बिघडला. साध्या पाऱ्याच्या थर्मामीटरची पट्टी साधारण ३५ अंश सेल्सिअसपासून, म्हणजे ९४-९५ फॅरनहाइटपासून सुरू होते. त्याखालचं तो दाखवूच शकत नाही. आणि ३५ च्या खाली गेलेल्या शरीरालाच डॉक्टर धोक्याचं थंड शरीर धरतात. पारा न हलणं हेच उत्तर होतं. दवाखान्यात मनगटाचं हाड मोडल्याचं निघालं, प्लॅस्टर झालं, अंगातली ऊब दुपारपर्यंत सावरली. ‘आंगवर काय कमी व्हतं का?’ असं काकू पुन्हापुन्हा विचारत होत्या. त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि पुढचा सगळा शोध त्याच प्रश्नाचा आहे.

ऊब गेली कुठं

स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात साधारण १०० वॉट उष्णता तयार होते, जुन्या पिवळ्या बल्बइतकी. फावडं चालवताना ती कितीतरी पट होते. म्हणजे अकराला आप्पांची भट्टी एकदम मंद झाली आणि त्याच वेळी चारही वाटांनी ऊब बाहेर जायला लागली. ब्लँकेट गरम नसतं. ते फक्त आत अडकलेली हवा धरून ठेवतं आणि त्या हवेमुळं अंगाची ऊब अंगाशी राहते. हे ध्यानात घेतलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

पहिली वाट खालची. मी त्या बाजेवर दिवसा बसून पाहिलं. सतरंजीखाली हात घातला तर सुंभाच्या दोन पट्ट्यांमधून बोट आरपार जात होतं, आणि खालून वाऱ्याची झुळूक तळहाताला लागत होती. माणसाचं वजन पडतं तिथं सतरंजी दाबली जाते, तिच्यातली हवा निघून जाते, आणि उरतो तो पातळ कापडाचा थर. आप्पांच्या अंगावर तीन पांघरुणं होती आणि अंगाखाली जवळजवळ काहीच नव्हतं. घरात आपण जमिनीवर गादी घालतो, कारण जमीन गार लागते हे कळतं. माळ्यावर खाली नुसती हवा असते म्हणून तिचा विचारच होत नाही. पण ती हवा रात्रभर वाहत असते, आणि दहा फुटांवर जमिनीपेक्षा जास्त वाहते.

दुसरी वाट ओल्याची. कोरड्या हवेपेक्षा पाणी उष्णता सुमारे पंचवीसपट वेगानं ओढून नेतं. ओली सुती पँट आणि घामेजलेलं बनियन म्हणजे अंगाला चिकटलेलं गार पाणीच. शिवाय ते पाणी सुकताना अंगातली ऊब घेऊनच सुकतं. एक लिटर घाम सुकायला साडेपाचशेच्या वर किलोकॅलरी लागतात, म्हणजे एका चांगल्या जेवणाइतक्या. सुती कापड ओलं झालं की त्यातली हवा संपते. लोकर ओल पोटात घेऊनही बरीचशी ऊबदार राहते, म्हणून मेंढपाळ पावसात घोंगडी घेतो. आप्पांची घोंगडी होती, पण ती सगळ्यांत बाहेर आणि ओलं सुती कापड सगळ्यांत आत.

तिसरी वाट वाऱ्याची. तिचं गणित लोक कमी धरतात. ८ अंशांत ताशी १५ किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते साधारण साडेपाच अंशांसारखं लागतं. रात्री डोंगरावरची हवा गार होऊन जड होते आणि नाल्यानाल्यानं खाली उतरते. आप्पांचा माळा नेमका त्या वाटेवर.

आणि चौथी वाट आभाळाची. निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता थेट आभाळाकडं सोडते; दव पडतं ते त्यामुळं. अर्ध्या छपरामुळं आप्पांचं डोकं झाकलेलं होतं आणि पाय उघड्या आभाळाखाली होते. सकाळी पायांवरचं ब्लँकेट दवानं ओलं होतं, डोक्याकडचं कोरडं.

या सगळ्यावर तंबाखू आणि मोहाची. तंबाखूनं हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणजे आधीच गार पडलेल्या बोटांकडं जाणारं रक्त आणखी कमी होतं. दारू उलटं करते. कातडीकडच्या वाहिन्या सैल होतात, पोटातली ऊब कातडीवर येते, म्हणून गरम वाटतं आणि तीच ऊब बाहेर निघून जाते. त्यात थरथर मंदावते आणि शुद्धही. थंडीत शरीर रक्त आत ओढून घेतं, त्यामुळं लघवीही जास्त होते. पहाटे उतरावं लागलं ते यामुळं.

काय बदललं

पुढच्याच आठवड्यात लाट टिकून होती आणि मका तर राखायचाच होता. आता मुलगा आणि आप्पांचे धाकटे भाऊ, म्हणजे मुलाचे काका, बसणार होते. मी एक साधा भिंतीवरचा थर्मामीटर माळ्यावर टांगला आणि एक नाल्याच्या काठी खुंटीला. पहाटे साडेपाचला खाली ६ आणि वर ८ अंश. गार हवा खोलगटात साचते, म्हणून उंचीचा थोडा फायदा असतो. फक्त वाऱ्यानं तो हिरावला जाऊ नये.

सगळ्यांत मोठा फरक पडला तो अंगाखालच्या बदलानं, आणि त्याला खर्च शून्य आला. शेजारच्या केळीतली वाळलेली पानं खताच्या रिकाम्या गोण्यांत भरली, तोंडं शिवून टाकली, आणि बाजेवर वीतभर जाडीचा थर केला. वर सतरंजी. बसल्यावर तो चार बोटांवर दबतो, पण पानांच्या घड्यांत हवा राहते. तोंड शिवायचं कारण विंचू, उंदीर आणि उंदरामागून येणारा साप. आणि एकदा माळ्यावर वाळलेली पानं आली की वर बिडी, काडी, निखारे सगळं बंद. माळ्याखाली शेकोटीही नाही. ठिणगी वर जाते. शेकोटी हवीच तर वीस-पंचवीस पावलांवर, पाळी बदलताना.

पायांसाठी दोन गोणपाटं एकमेकांना शिवून कमरेपर्यंत येणारी पिशवी केली, आतून जुन्या गोधडीचं अस्तर. दोन्ही पाय एकत्र राहिले की एकमेकांना ऊब देतात. पहिल्या रात्री डुकरं आली तेव्हा मुलगा घाईत पिशवीत अडखळला, म्हणून एका बाजूची शिवण गुडघ्यापर्यंत उसवून ठेवली. पायमोजे एकच जोड, लोकरीचा, सैल. घट्ट बुटात दोन जोड कोंबले तर रक्तच अडतं आणि पाय जास्त गार पडतात.

कोरडं राहण्याचा नियम घरात सगळ्यांत जास्त वादाचा ठरला. पाणी भरताना स्वेटर काढायचा, गमबूट घालायचे, आणि काम संपलं की मोटारीच्या खोलीत अंग पुसून बनियनसकट सगळं बदलायचं, मगच वर जायचं. ‘दहा मिनिटासाठी कोण एवढं करतं,’ असं काकांचं म्हणणं होतं. अमेरिकेत, कॅनडात बर्फाळ रानात झाडावरच्या मचाणावर हरणाची वाट बघत बसणारे शिकारी हेच करतात. जाड कपडे पिशवीत घेऊन सावकाश चालत जातात, घाम येऊ देत नाहीत, आणि वर पोचल्यावर, अंग थंड पडायच्या आत, ते चढवतात. त्यांना हालचाल केली की सावज जातं, म्हणून त्यांची सगळी मदार कपड्यांवर. राखणदाराला ती अडचण नाही. आपल्याला तर दिसायचंय, ऐकू जायचंय. म्हणून दर अर्ध्या तासाला उभं राहून डबा वाजवायचा, पायाची बोटं आखडायची-सोडायची, मांड्या आवळायच्या. एवढ्यानंही भट्टी पेटती राहते, घाम येत नाही.

वाऱ्यासाठी मुलानं पहिल्या दिवशी चारही बाजूंनी प्लास्टिकचा कागद लावला. तो सकाळी आतून ओला झाला, ब्लँकेटांवर थेंब पडले, आणि कागदाच्या फडफडीत कणसं मोडल्याचा आवाजही कळेना. मग कागद फक्त छपरावर ठेवून छप्पर पायांपर्यंत वाढवलं, आणि उत्तर व पूर्वेला गोणपाट लावलं. गोणपाट वारा अडवतं, श्वासाची वाफ अडवत नाही. मक्याकडची बाजू मोकळी ठेवली.

खाण्यात साधाच बदल. संध्याकाळी दादर ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, तेलाचा हात सैल ठेवून केलेलं भरीत, आणि एकच्या सुमारास मूठभर शेंगदाणे आणि गूळ. थरथरायलाही शरीराला सरपण लागतं. चहा थर्मासमध्ये. रात्री पाणी कमी प्यायचं ही काकांची युक्ती मात्र मी सोडायला लावली. पाणी कमी पडलं की रक्त हातापायांपर्यंत नीट पोचत नाही.

एक बारीक गोष्ट हातांची. बॅटरी स्टीलची होती, आणि ती रात्रभर हातात. धातू मुठीतली ऊब झपाट्यानं ओढतो. तिला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला, त्यावर सुती पट्टी. तरीही पहाटे चारनंतर बोटं गार पडतातच; हातमोज्यानं बटण सापडत नाही. यावर चांगला उपाय निघाला नाही. काखेत हात, एवढंच.

निसणीच्या पायऱ्यांना सुतळी गुंडाळली, बाजूला धरायला आडवा बांबू बांधला, आणि बाजेला तीन बाजूंनी कमरेइतका कठडा केला. मचाणावरून पडणं हे तिकडच्या शिकाऱ्यांच्याही जायबंदी होण्याचं मोठं कारण आहे. ते खांद्यापासून मांड्यांपर्यंतचा पट्टा घालून झाडाला बांधून घेतात. नुसत्या कमरेला दोर बांधून झोपणं आपल्याकडं पाहिलंय, ते करू नये. पडलं तर लोंबकळताना तोच दोर श्वास कोंडतो. कठडा आणि दोन पाळ्या बऱ्या. पाळी रात्री दोनला बदलते, म्हणजे पहाटेची सगळ्यांत गार वेळ ताज्या माणसाच्या वाट्याला येते.

या बदलांनंतर त्याच लाटेत मुलगा आणि काका बसले. पायांची तक्रार चारपर्यंत नव्हती, पांघरूण उलट एकानं कमी झालं. पहाटेची थंडी लागतच होती, पण हुडहुडी भरली नाही आणि दोघंही आपल्या पायानं निसणी उतरले. मका काढणीपर्यंत राखला गेला.

अडचण एकच राहिली, ती माणसांची. रात्रपाळीची वीज असेल त्या रात्री पाणी भरणाऱ्यानं राखण करायची नाही, असं घरात ठरलं. पण घरात धडधाकट माणसं दोनच आणि आप्पांच्या हाताला प्लॅस्टर. शेवटी केळीवाल्या शेजाऱ्याशी बोलणं झालं. त्यांचा सालदार आठवड्यातून ठरलेल्या रात्री माळ्यावर बसतो, आणि त्या बदल्यात मुलगा त्यांच्या केळीचं पाणी दिवसपाळीला बघतो. आप्पा प्लॅस्टर निघाल्यावर पुन्हा माळ्यावर जायला निघाले होते. त्यांना संध्याकाळी सात ते दहाची पाळी दिली आहे, आणि ती त्यांनी कुरकुर करत का होईना, घेतली आहे.